एकटीला सोडू नका

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला काउंटरवरची गर्दी जरा ओसरली, तेव्हा मीनाक्षीने मागच्या अरुंद जागेत उभ्या उभ्याच डबा उघडला आणि दुसऱ्या हाताने फोन. मॉरिसव्हिलच्या त्या फार्मसीत ती चौदा वर्षं औषधं देत होती आणि बसून जेवायची सवय कधीच मोडली होती. चैत्रालीच्या कॉलेजातून ईमेल आली होती. म्हणजे कॉलेजातून नव्हे, चैत्राली ज्या सॉरॉरिटीत गेली होती तिथून. आठवड्यापूर्वी फोनवर ती म्हणाली होती, "आई, मला बिड मिळालं. म्हणजे त्यांनी मला घेतलं. आय सेड येस." आणि मीनाक्षी म्हणाली होती, "बरं." मायलेकींमध्ये हल्ली बहुतेक गोष्टी "बरं"वरच संपायच्या. ग्रीक अक्षरांच्या नावाचं एक मोठं घर, त्यात राहणाऱ्या चाळीसेक मुली, आणि त्या एकमेकींना बहिणी म्हणतात, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. ईमेलचं शीर्षक होतं, 'पालकांना माहीत असाव्यात अशा गोष्टी'. ती भाजीपोळीचा घास चावत वाचत गेली. दर रविवारी सभा. अभ्यासाचे तास. दारूबद्दलचे नियम. कुणी मुलीला छळलं, काही करायला भाग पाडलं, तर कुठे फोन करायचा तो नंबर. आणि सगळ्यात शेवटी चैत्रालीने स्वतः भरलेला एक फॉर्म, पालकांच्या माहितीसाठी. अ‍ॅलर्जी नाही. चालू औषधं नाहीत. मग प्रश्न होता, घरातल्या मुलींना तुझ्याबद्दल काय माहीत असावं असं तुला वाटतं? त्याखाली चैत्रालीने लिहिलं होतं, 'दोन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. एकोणीस ऑक्टोबर. त्या दिवशी प्लीज मला एकटीला सोडू नका.'

तोंडातला घास तोंडातच राहिला. पहिल्यांदा तिला दुःख झालंच नाही, लाज वाटली, घरातली गोष्ट कुणी चव्हाट्यावर नेऊन ठेवावी तशी. मग राग आला. सांगायचं तर मला सांगायचं होतं. आणि त्या रागाच्या मागोमाग, हळूच, मागच्या वर्षीचा एकोणीस ऑक्टोबर आला. त्या दिवशी तिने मुद्दाम पूर्ण शिफ्ट मागून घेतली होती. संध्याकाळी घरी येऊन चैत्रालीला मेसेज केला होता, 'जेवलीस का?' तिकडून उत्तर आलं होतं, 'हो.' तेव्हा मीनाक्षीला खरंच वाटलं होतं, की जमलं. निभावलं आपण. पोरगी तो विषय काढत नाही म्हणजे सावरली आहे, आणि आपण काढत नाही म्हणजे तिची खपली ओढत नाही. आता तो 'हो' तिला दिसायला लागला. तीनशे किलोमीटरवरच्या कुठल्याशा खोलीत एकटीने बसून टाइप केलेला. काउंटरवर कुणीतरी बेल वाजवली. डब्याचं झाकण लावून ती बाहेर आली आणि समोरच्या बाईला डोळ्यांत घालायचे थेंब कसे घालायचे ते नेहमीच्या आवाजात समजावून सांगू लागली.

त्या आठवड्यात ती रेखाकाकूंकडे गेली. रेखाकाकू सत्तरीच्या पुढच्या, जुन्या काळी देश सोडून इकडे आलेल्या, निवृत्त डॉक्टर. नवरा, त्र्यंबक, गेल्यावर पहिले दहा दिवस त्यांनी हिच्या घरचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. सॉरॉरिटीचं नाव काढताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, मी इमर्जन्सीमध्ये उमेदवारी केलीय. शुक्रवारी त्या घरांतल्या पोरी शुद्ध हरपलेल्या आणायचे. तू तिला स्पष्ट विचार, तिथे पिणं किती चालतं, नव्या पोरींकडून काय काय करून घेतात. लाजू नको विचारायला." मीनाक्षीने विचारलं. फोनवर चैत्राली हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, "आई, इट्स नॉट लाइक दॅट. काही घरं तशी आहेत, आय नो. हे तसं नाही. माझी बिग आहे ना, डेलेनी, ती तर कोकसुद्धा पीत नाही." बिग म्हणजे नव्या मुलीला सांभाळायला दिलेली थोरली, हेही तिने सांगितलं. मीनाक्षीच्या जिभेवर आलं होतं, मी तो फॉर्म वाचला. पण ती म्हणाली, "बरं."

खरं तर तिला भीती दारूची नव्हती. मुलींनी भरलेलं घर काय करू शकतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. पाहिलं होतं कसलं, केलं होतं. अमरावतीला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलमध्ये त्यांचा सहा जणींचा कंपू होता. त्याही एकमेकींना बहिणीच म्हणायच्या. खोलीत सातवी होती पुसदची पद्मिनी, काळीसावळी, अबोल, रात्रंदिवस अभ्यास करणारी. एकदा या सहा जणी न सांगता सिनेमाला गेल्या आणि रेक्टरबाईंनी पद्मिनीला समोर उभं करून विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं. झालं. कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही, तिची वही फाडली नाही. फक्त बोलणं बंद केलं. मेसमध्ये ती बाकावर बसली की सगळ्या आपापली ताटं उचलून पलीकडे सरकायच्या, एवढंच. बावीस दिवस. तेविसाव्या दिवशी पद्मिनीचे वडील ट्रंक न्यायला आले. रिक्षात बसताना तिने वळून पाहिलं ते नेमकं मीनाक्षीकडे, कारण अबोल्याआधी दोघी एकमेकींच्या वेण्या घालायच्या. मीनाक्षी दोरीवरचे कपडे काढत होती. ती काढतच राहिली, वाळले नव्हते तेही. अबोल्याचा वळ उठत नाही, म्हणून पुढे कुणी काही विचारतही नाही. तीस वर्षांत तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, त्र्यंबकलाही नाही. आता गाडी चालवताना, भाजी चिरताना, तिला सारखा तो बाक दिसायचा आणि त्याच्या टोकाला बसलेली चैत्राली. कधी कधी बाक दिसायचा तो आपल्याच घरातला, ओट्याजवळचा. एका टोकाला मुलगी, दुसऱ्या टोकाला आपण, मध्ये ताट नाही, माणूस नाही. तेव्हा ती घाईघाईने रेडिओ लावायची.

एकोणीस ऑक्टोबरला रविवार होता. याही वर्षी तिने शिफ्ट घेतली, पण दुपारी तीन वाजता हातातलं काम टाकून ती मागे गेली आणि फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. चार रिंगांनंतर फोन उचलला तो भलत्याच आवाजाने. "हाय, मी डेलेनी. तुम्ही चैत्रालीच्या आई ना?" काय झालं, एवढं मीनाक्षीने कसंबसं विचारलं. "काही नाही, सगळं ठीक आहे," ती मुलगी दबक्या इंग्रजीत बोलत होती, जवळ कुणी निजलेलं असताना बोलावं तशी. "सकाळी आम्ही तिला धबधब्याकडे घेऊन गेलो. जाताना आणि येताना ती तिच्या बाबांबद्दलच बोलत होती. आता इथे सोफ्यावर झोपलीये. आम्ही पाच जणी आहोत, कुठे जाणार नाही. उठवू का तिला?"

"नको, नको," मीनाक्षी म्हणाली. "झोपू दे. जेवली का?"

"दोनदा," डेलेनी म्हणाली. जरा थांबून तिने विचारलं, "आणि तुम्ही? तुमच्याजवळ आज कोण आहे?"

मीनाक्षीने आजूबाजूला पाहिलं. खोक्यांच्या रांगा होत्या. तापमान मोजायचं यंत्र होतं. "मी कामावर आहे," ती म्हणाली. "इथे पुष्कळ लोक आहेत." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्या मुलीने नाव अगदी नीट घेतलं होतं. चैत्राली, शेवटचा ली लांबवून. शाळेची बारा वर्षं जिला सगळे शिक्षक चेट म्हणत आले आणि जिने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही, तिने या मुलींना आपलं नाव बसून शिकवलं असणार. आपल्या पोरीने कुणाकडे तरी काहीतरी मागितलं, या विचाराने तिला बरं वाटलं, आणि ते आपल्याकडे मागितलं नाही, या विचाराने लगेच वाईटही. त्या दिवशी ती दोन्ही गोष्टी बरोबर घेऊनच घरी गेली. पण पुष्कळ दिवसांनी तिला शांत झोप लागली. पाच जणी आहेत, हा हिशेब मनात घोळवत ती झोपी गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्या घरात मुलींच्या आयांना बोलावलं होतं. मीनाक्षी सकाळी सातलाच निघाली. ग्रीन्सबरो मागे पडलं, विन्स्टन-सेलम मागे पडलं, मग रस्ता चढायला लागला आणि झाडांवरची पानं कमी कमी होत गेली. साडेतीन तासांचा हा रस्ता तिने याआधी एकदाच पार केला होता, चैत्रालीला सोडायला आली तेव्हा. येताना मागच्या सीटवर उशा आणि खोकी होती आणि जाताना काहीच नव्हतं. या खेपेला तिने दिवाळीतली शंकरपाळी डब्यात भरून घेतली होती, आणि तीन वेळा वाटलं होतं, की डबा गाडीतच ठेवावा. घर टेकडीच्या कडेला होतं, पांढऱ्या खांबांचं, पुढे लांबरुंद व्हरांडा. चैत्राली पायऱ्यांवर वाट बघत उभी होती. तिने केस कापले होते. मिठी मारताना तिने नेहमीसारखं पटकन सोडवून घेतलं नाही, हे मीनाक्षीला जाणवलं, आणि आधी सोडवून घेतलं ते आपणच, हेही जाणवलं.

आत गलका होता. भिंतभर मुलींचे फोटो, जिन्यावर बूट, कुठूनतरी दालचिनीचा वास. डेलेनी बुटकीशी निघाली, नाकावर तपकिरी ठिपके, हात मोठे आणि खरखरीत. तिच्या घरी डोंगरात ख्रिसमसच्या झाडांची शेती होती. तिने शंकरपाळ्यांचा डबा ताब्यात घेतला, उघडला आणि पाच मिनिटांत तो घरभर फिरला. चैत्राली वरच्या मजल्यावर कुणाला तरी बोलवायला गेली, तेव्हा डेलेनी मीनाक्षीला कॉफी देत म्हणाली, "ती मागच्या महिन्यापेक्षा बरी आहे. स्वतःला कमी बोल लावते. मी तिला सारखं सांगते, तू सतरा वर्षांची होतीस, नुकतं लायसन्स मिळालं होतं, कुठे न्यायचं हे तुला कसं कळणार? तुम्हीही तिला हेच सांगत असाल ना?" तिच्या चेहऱ्यावर कसलाच आरोप नव्हता. आई म्हणजे हे सांगितलंच असणार, असं ती धरूनच चालली होती. मीनाक्षीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

कॉफीचा कप घेऊन ती बाहेर व्हरांड्यात आली आणि कठड्याजवळच्या बाकावर बसली. म्हणजे पोरीला ते वाक्य आठवत होतं. दोन वर्षं मीनाक्षीने स्वतःला समजावलं होतं, की त्या गोंधळात तिने ते ऐकलंही नसेल. त्र्यंबक घरूनच काम करायचा. त्या गुरुवारी शाळेला सुटी होती. दहाच्या सुमाराला तो चैत्रालीला म्हणाला, जरा बरं वाटत नाही, डॉक्टरकडे सोड. तिने त्याला चौकातल्या अर्जंट केअरला नेलं. सर्दीखोकल्यासाठी, पाय मुरगळला तर लोक जातात तसलं ते छोटं केंद्र. तिथे त्यांनी कार्डिओग्राम काढला, अँब्युलन्स बोलावली, आणि मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मीनाक्षीचा फोन कामावरच्या ड्रॉवरमध्ये होता. ती धावत पोचली तेव्हा कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चैत्राली बसली होती, मांडीवर बाबांचं जॅकेट. तिने वर पाहिलं. आणि मीनाक्षीने तिला जवळ घ्यायच्या आधी विचारलं, "अर्जंट केअरला का नेलंस? सरळ हॉस्पिटलला का नाही?" एकदाच. पुन्हा कधी नाही. पण ते एकदा विचारण्यामागे काय होतं, हे जगात फक्त मीनाक्षीला ठाऊक होतं, आणि आता त्या उन्हातल्या बाकावर बसल्या बसल्या तिने कॉफीचा कप न पिताच बाजूला ठेवला. या घरातल्या परक्या मुली महिनाभर तिच्या पोरीच्या उशाशी बसून तिचा एक असा अपराध पुसत होत्या, जो तिचा नव्हताच.

चैत्राली बाहेर आली. "आई, आत ये ना, गेम्स सुरू होतायत." मग तिने आईचा चेहरा पाहिला आणि शेजारी बसली. "व्हॉट हॅपन्ड?"

"मला तुला एक सांगायचंय," मीनाक्षी म्हणाली. आता थांबलो तर पुन्हा दोरीवरचे कपडे काढायला लागू, असं तिला वाटलं, म्हणून ती थांबली नाही. "त्या दिवशी सकाळी, मी निघायच्या आधी, साडेसातला, बाबा मला म्हणाले होते. दाढ दुखतेय म्हणाले, डावीकडची. आणि छातीत जळजळतंय. मी त्यांना अ‍ॅसिडिटीच्या दोन गोळ्या दिल्या. काल मसालेभात जास्त झाला म्हटलं. मला दुकान उघडायचं होतं." चैत्राली तिच्याकडे पाहत राहिली. "मला माहीत होतं, चैत्राली. जबडा आणि छाती एकदम दुखली तर काय असतं, ते मी रोज लोकांना सांगते. एक सेकंद माझ्या मनात आलंही होतं. मी ते ढकललं. म्हटलं, एवढ्यात काय, चोपन्न वर्षांचा माणूस. आणि मग हॉस्पिटलात मी तुला विचारलं. तुला विचारलं, कारण मला स्वतःला विचारायचं नव्हतं."

आतून हसण्याचा मोठा आवाज आला. चैत्रालीचे ओठ पांढरे पडले होते. "यू आर अ फार्मसिस्ट," ती सावकाश म्हणाली. "आई, तू फार्मसिस्ट आहेस." मीनाक्षी म्हणाली, "हो." "दोन वर्षं," चैत्राली म्हणाली. "दोन वर्षं मला वाटत होतं की मी… अँड यू न्यू." ती उठली. आत गेली. जाळीचं दार तिच्यामागे आपटलं.

मीनाक्षी बसून राहिली. आश्चर्य म्हणजे तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. कबुलीने मन मोकळं होतं असं लोक म्हणतात, तिला फक्त थंडी वाजत होती. टेकडीखाली फुटपाथवरून मुलं चालली होती, कुणाच्या तरी हातात ट्रॉम्बोनची पेटी होती. गाडी काढून परत जावं का, असं तिच्या मनात आलं. साडेतीन तास. त्र्यंबक असता तर म्हणाला असता, बस गं, पळू नकोस, पोरगी येईल. तो प्रत्येक भांडणात हेच म्हणायचा आणि त्याचं नेहमी खरं व्हायचं, याचा तिला राग यायचा. थोड्या वेळाने जाळीचं दार उघडलं आणि एक थोराड बाई बाहेर आली, डेलेनीची आई. तिचेही हात तसेच खरखरीत. अंगातला लोकरीचा कोट काढून तिने मीनाक्षीच्या खांद्यांवर टाकला आणि शेजारी बसली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एकदा फक्त म्हणाली, "माझ्या मुलीने सांगितलं, त्या रविवारीही तुम्ही कामावर होतात." मीनाक्षीने हो म्हटलं. ती बाई म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा मीही झाडंच कापत होते." पुन्हा दोघी गप्प बसल्या. पण या गप्प बसण्यात ताट उचलून पलीकडे सरकणं नव्हतं. शांतता अशीही असते, हे मीनाक्षीला पन्नाशी उलटल्यावर, एका अनोळखी बाईच्या कोटाखाली कळलं.

चैत्राली आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं आणि पायात चालायचे बूट होते. तिच्यामागे दारात डेलेनी उभी होती, पण ती बाहेर आली नाही. "चल," चैत्राली म्हणाली. "इथे मागे एक ट्रेल आहे." कोट तसाच अंगावर घेऊन मीनाक्षी तिच्यामागून निघाली. वाट झाडांमधून जात होती, पायाखाली पानांचा थर. बराच वेळ चैत्राली पुढे आणि ती मागे अशाच चालल्या. मग एके ठिकाणी वाट रुंद झाली आणि चैत्राली थांबली.

"मी चिडलेय," ती म्हणाली. "आय विल बी मॅड फॉर अ व्हाइल."

"हो."

"पण मलाही एक सांगायचंय. मी कुणालाच नाही सांगितलेलं. डेलेनीलापण नाही." तिने एक काटकी उचलली आणि तिची साल सोलायला लागली. "कारमध्ये ना, बाबा मला शिकवत होते. मिरर बघ, ब्लाइंड स्पॉट बघ. त्यांना एवढा घाम आला होता आणि ते मला लेन चेंज शिकवत होते. सिग्नलला मी राइट इंडिकेटर दिला, हॉस्पिटलसाठी. मी दिला होता, आई. बाबा म्हणाले, नको, लेफ्ट घे. अर्जंट केअरला चल. मी म्हटलं, आर यू शुअर? तर म्हणाले, हॉस्पिटलात गेलो तर मीनाक्षी काम टाकून धावत येईल, उगाच घाबरेल. तिथून आलो की तिला सांगू."

मीनाक्षीने झाडाच्या खोडाला हात लावला. "मग मी विचारलं तेव्हा तू सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार?" चैत्रालीचा आवाज चिरकला. "ते तुझ्यासाठी गेले तिथे. मी सांगितलं असतं तर तू… आणि बाबांवर ढकलल्यासारखं झालं असतं. ही वॉज डेड, आई."

सतरा वर्षांची पोर. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, एका क्षणात, तिने बापाला पाठीशी घातलं होतं आणि आईलाही, आणि आईचं ते वाक्य एकटीने अंगावर घेतलं होतं. आणि आपण समजत होतो की आपण तिला सांभाळतो आहोत. "वेडा," मीनाक्षीच्या तोंडून निघालं, "वेडा माणूस. मी घाबरेन म्हणून!" आणि तिला रडू फुटलं ते असं, की तिला खालीच बसावं लागलं, ओल्या पानांवर, डेलेनीच्या आईच्या कोटासकट. चैत्राली तिच्याजवळ बसली. आधी एक हात अंतरावर. मग नाही.

बसल्या बसल्या त्यांनी तो दिवस जुळवला. आठ वाजेपर्यंतचा मीनाक्षीकडे होता, दहानंतरचा चैत्रालीकडे, आणि दोघींनी तो आपापल्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. चैत्रालीने विचारलं, सकाळी बाबा शेवटचं काय बोलले. मीनाक्षी म्हणाली, गॅरेजच्या दारापर्यंत मोज्यांवर आले आणि म्हणाले, येताना कोथिंबीर आण. "दॅट्स इट?" चैत्राली म्हणाली. "कोथिंबीर?" आणि हसली, नाक पुसत. आठ ते दहा तो काय करत होता, हे दोघींनाही माहीत नव्हतं. बहुतेक मीटिंगमध्ये होते, चैत्राली म्हणाली, मी अर्धवट झोपेत होते, नऊच्या सुमाराला मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, ते कुणाशी तरी हसत बोलत होते. म्हणजे हसत होता, मीनाक्षी मनाशी म्हणाली. गोळ्या घेऊन बसलेला तो माणूस नऊ वाजता हसत होता. हे तिला कुठूनही मिळालं नसतं. अपराध काही कमी झाला नव्हता. तो तिचाच होता आणि तिच्याजवळच राहणार होता, पण आता तो तिला उचलता येत होता, कारण त्याचं खरं वजन कळलं होतं. आणि हे सगळं इथवर आलं ते कुणामुळे? एका फॉर्मवर कुणीतरी एक प्रश्न छापून ठेवला होता म्हणून. चाळीस मुलींपैकी पाच जणींनी तो वाचून खरोखरच एक रविवार बाजूला काढला म्हणून. पालकांना माहीत असाव्यात अशा गोष्टींमध्ये हे कुणी लिहिलं नव्हतं, की एखाद्या वेळी तुमच्या मुलीला दुसऱ्या कुणाच्या तरी सोफ्यावर आधी झोप येऊ शकते, आणि तसं झालं तर हेवा करू नका, हात जोडा.

परतल्या तेव्हा ऊन कललं होतं आणि पुढच्या हिरवळीवर खेळ चालला होता. भोक पाडलेल्या उतरत्या फळीवर लांबून दाण्यांची पिशवी टाकायची, आया एका बाजूला, मुली एका बाजूला. मीनाक्षीने कोट झटकून डेलेनीच्या आईला परत दिला, पानं चिकटलेला, आणि थँक यू म्हणाली. फारच अपुरं वाटलं म्हणून पुन्हा एकदा म्हणाली. डेलेनी हातात एक यादी घेऊन आली. तिने आधी चैत्रालीकडे पाहिलं. चैत्रालीने मान हलवली. "एप्रिलमध्ये वडिलांचा वीकएंड असतो," डेलेनी म्हणाली. "गेल्या वर्षीपासून आम्ही ठरवलंय, ज्यांचे वडील नाहीत त्यांनी हवं त्याला आणायचं. माझी आई येते. चैत्रालीने तुमचं नाव सांगितलंय, पण ती म्हणाली आधी तुम्हाला विचारू."

"मी?" मीनाक्षी मुलीकडे वळली. "वडिलांच्या जागी?"

"जागी नाही," चैत्राली म्हणाली. "नुसती ये. दिवसभर हाच गेम असतो, आणि बाबांना तो कधी जमला नसता. त्यांचा नेम किती वाईट होता."

"माझा चांगला होता," मीनाक्षी म्हणाली. "लगोरीत मी शाळेची चॅम्पियन होते."

"लगोरी म्हणजे?" चैत्रालीने विचारलं. एकोणीस वर्षांत आपण हिला हे सांगितलं नाही, याचं मीनाक्षीला नवल वाटलं. सांगायला पुष्कळ होतं. "सांगते," ती म्हणाली, आणि बाह्या वर करून रेषेवर जाऊन उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात पिशवी दिली. ती तिच्या अंदाजापेक्षा जड होती. तिने नेम धरला आणि फेकली. पिशवी फळीवरून, पलीकडच्या मुलींच्या डोक्यांवरून गेली आणि कुंपणाच्या झुडपात पडली. सगळ्या जणींनी एकच आरडाओरडा केला. चैत्राली धावत गेली, झुडपात हात घालून पिशवी काढली आणि आणून आईच्या तळहातावर ठेवली.

"परत टाक," ती म्हणाली. "मनगट सैल सोड."